डिशची केबल आणि घराचे अर्थिंग: सोलापूरच्या घरांसाठी जोडणीचे मार्गदर्शन

गच्चीवर डिश बसवायला आलेला तंत्रज्ञ साधारणपणे तासाभरात काम उरकतो. खांब उभा राहतो, डिश आग्नेयेकडे वळते, काळी केबल खिडकीतून आत येते, टीव्हीवर चित्र उमटते आणि काम पूर्ण झाले असे तंत्रज्ञाला आणि घरमालकाला दोघांनाही वाटते. मात्र बहुतेक जोडण्यांत एक तार राहून गेलेली असते, ती म्हणजे डिशचा खांब आणि केबलची जाळी (मधल्या तारेभोवतीची धातूची वीण) यांना घराच्या अर्थिंगशी जोडणारी तार. तिच्या नसण्याने चित्रात तिळमात्र फरक पडत नाही, त्यामुळे तिची आठवणही कोणाला होत नाही. वळवाच्या पहिल्या मोठ्या कडकडाटानंतर सेट टॉप बॉक्स मुका झाला किंवा टीव्हीचे एचडीएमआय पोर्ट गेले, की मग चौकशी सुरू होते.

हा लेख त्या राहून गेलेल्या तारेविषयी आणि तिच्यासोबत येणाऱ्या केबलच्या कामाविषयी आहे. सोलापुरात नवे घर बांधणाऱ्यांनी, भाड्याच्या घरात प्रथमच डिश घेणाऱ्यांनी आणि जुनी जोडणी नीट करू इच्छिणाऱ्यांनी तो डोळ्यांसमोर ठेवून काम करून घ्यावे. यातले खांबाचे आणि केबलचे काम हाताला सवय असलेला कोणीही करू शकतो. मीटरबोर्ड, मुख्य अर्थिंग आणि ज्यात २३० व्होल्टचा संबंध येतो ते सर्व काम मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे, त्यात काटकसर करू नये.

अर्थिंग नेमके काय करते

अर्थिंग केले म्हणजे वीज पडली तरी काही होणार नाही, हा समज आधी बाजूला ठेवला पाहिजे. थेट डिशवर पडलेली वीज कोणत्याही घरगुती जोडणीला जुमानत नाही. विजेच्या एका सर्वसाधारण पहिल्या झोताचा प्रवाह ३० हजार अँपिअरच्या आसपास असतो. घराच्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध अगदी १० ओहम धरला, तरी गुणाकार ३ लाख व्होल्टचा होतो, आणि तेवढ्या काळापुरती घराची अख्खी अर्थिंगची तार त्या पातळीवर चढते. अर्थिंगने वीज 'जमिनीत जिरते' हे म्हणणे म्हणूनच अर्धे खरे आहे. अधिक महत्त्वाचे काम वेगळे आहे: घरातील प्रत्येक धातूची वस्तू, म्हणजे डिशचा खांब, केबलची जाळी, मीटरबोर्डाची पेटी, सोलर हीटरचा सांगाडा, हे सर्व एकाच पातळीवर एकत्र चढावे आणि एकत्र उतरावे. दोन वस्तूंच्या पातळीत फरक राहिला, तर तो फरक त्यांच्यामधल्या सर्वांत नाजूक जागी फुटतो. डिशच्या जोडणीत ती नाजूक जागा म्हणजे सेट टॉप बॉक्स आणि टीव्ही यांच्यातली एचडीएमआय केबल होय. तिच्या एका टोकाला गच्चीवरून आलेली केबल असते आणि दुसऱ्या टोकाला भिंतीतील वीज.

प्रत्यक्षात घरावर वीज पडण्याचे प्रसंग विरळ असतात. नुकसान बहुतेक वेळा आसपास कोठेतरी, शेतात किंवा खांबावर पडलेल्या विजेमुळे होते, कारण अशा वेळी केबलमध्ये आणि वीजवाहिनीत क्षणभर उच्च दाब निर्माण होतो. याशिवाय पावसाआधीच्या कोरड्या, धुळीच्या वाऱ्यात उंचावरील धातूवर स्थिर विद्युतभार साठत राहतो. या दोन्ही गोष्टींविरुद्ध अर्थिंगचा उपयोग खात्रीने होतो. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांतील वळीव आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील परतीचा पाऊस हे दोन्ही काळ गडगडाटी असतात, म्हणून हे काम मार्चअखेर आटोपलेले बरे.

तिसरा उपयोग रोजचा आहे. अनेक बॉक्स आणि टीव्ही दोन पिनांच्या प्लगवर चालतात, म्हणजे त्यांना अर्थिंग मिळतच नाही. त्यांच्या आतील वीजपुरवठ्यात गाळणीसाठी बसवलेल्या लहान कपॅसिटरमधून अगदी थोडा प्रवाह धातूच्या भागावर येत राहतो. केबल लावताना बोटाला झिणझिण्या येतात त्या यामुळेच. मल्टिमीटर लावला तर तेथे शंभरेक व्होल्ट दिसतात आणि माणूस घाबरतो. प्रवाह मिलिअँपिअरच्या अंशाइतकाच असल्यामुळे उपकरण चांगले असेल तर जिवाला धोका नसतो, परंतु गच्चीवर शिडीवर उभे असताना त्या झिणझिण्यांनी तोल मात्र जाऊ शकतो. केबलची जाळी अर्थिंगला जोडली की हा प्रकार थांबतो. जोडूनही झटका जोरात बसत असेल तर उपकरणात किंवा वायरिंगमध्ये खरा दोष आहे असे समजून वायरमनला बोलवावे.

आधी घराचे अर्थिंग पाहून घ्यावे

डिशचे अर्थिंग ज्या घराला जोडायचे, त्या घराचे अर्थिंग जिवंत आहे का हा पहिला प्रश्न आहे. पुष्कळ घरांत तीन भोकांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या भोकामागे तारच नसते, किंवा तार असते आणि खड्ड्यातली पट्टी गंजून तुटलेली असते. मल्टिमीटरने फेज आणि अर्थ यांच्यामध्ये २३० व्होल्ट दिसले म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण हे मीटर इतका कमी प्रवाह घेते की अर्धवट तुटलेल्या अर्थिंगवरही ते पूर्ण दाब दाखवते. वायरमन भार टाकून किंवा अर्थ टेस्टरने तपासतो, तीच खरी तपासणी. त्याच वेळी बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, आहे का हेही विचारून घ्यावे, कारण नुसता एमसीबी गळतीचा प्रवाह ओळखत नाही.

सोलापूरच्या जमिनीबद्दल येथे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण पुस्तकातील खड्डा येथे जसाच्या तसा चालत नाही. काळी माती ओली असताना अर्थिंगसाठी उत्तम असते. तीच माती उन्हाळ्यात आकसते, तिला भेगा पडतात आणि जमिनीत ठोकलेल्या अर्थिंगच्या रॉडभोवती पोकळी तयार होते. पावसाळ्यात चांगला दिसणारा रोध मे महिन्यात कितीतरी पटींनी वाढलेला आढळतो, आणि विजा नेमक्या त्याच महिन्यात कडाडतात. म्हणून अर्थिंगची मोजणी उन्हाळ्यात करावी. ऑगस्टमधला आकडा दिलासा देणारा असला तरी फसवा असतो. जेथे काळ्या मातीचा थर पातळ आहे आणि दोन-तीन फुटांवरच मुरूम किंवा काळा दगड लागतो, तेथे तर तीन मीटरचा रॉड ठोकताच येत नाही. अशा जागी रॉड कापून लहान करण्यापेक्षा २५ बाय ४ मिलिमीटर किंवा त्याहून जाड जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) पट्टी चरात आडवी पुरणे शहाणपणाचे ठरते. चर किमान अर्धा मीटर खोल असावा आणि कुंपणाच्या कडेने जितका लांब नेता येईल तितका न्यावा, कारण आडव्या पट्टीत खोलीपेक्षा लांबी कामाला येते. चर बुजवताना मुरूम परत न टाकता चाळलेली काळी माती किंवा बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी चिकणमाती) भरावे.

मीठ आणि कोळशाचे थर देण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे आणि तिने रोध कमी होतो हे खरे आहे. मात्र मिठाने जीआय पाइप लवकर गंजतो आणि मीठ पाण्याबरोबर वाहूनही जाते, त्यामुळे ती पद्धत वापरल्यास दर काही वर्षांनी खड्डा उघडून पाहावा लागतो. नव्या कामासाठी तांब्याचा मुलामा दिलेला रॉड आणि बेंटोनाइट हे मला अधिक टिकाऊ वाटते, जरी पहिला खर्च जास्त असला तरी. खड्डा घराच्या पायापासून दीड मीटर तरी दूर असावा आणि त्याला झाकणाचे चेंबर असावे. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा त्यात बादलीभर पाणी ओतावे. नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात हा सल्ला कोणाला खटकेल, म्हणून सांगतो की धुण्याचे किंवा फरशी पुसलेले पाणीही या कामाला चालते.

एका रॉडकडून फार अपेक्षाही ठेवू नयेत. ५० ओहम-मीटर विशिष्ट रोधाच्या मातीत १६ मिलिमीटर जाडीचा तीन मीटरचा एक रॉड साधारण १५ ते १८ ओहम देतो. 'एक ओहमच्या आत आणून देतो' असे सांगणाऱ्याला मोजून दाखवायला सांगावे.

डिशसाठी जागा

आपल्याकडे डिश पाण्याच्या टाकीवर किंवा जिन्याच्या टोपीवर, म्हणजे घराच्या सर्वांत उंच जागी बसवण्याची ओढ दिसते. उंचावर सिग्नल चांगला मिळतो ही कल्पना जुन्या अँटेनाच्या काळातली आहे. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आहेत. तेथे दहा-बारा फुटांना काही किंमत नाही; समोर अडथळा नसणे एवढेच पुरते.

तो अडथळाही सोलापुरात फारसा आड येत नाही. हे शहर उत्तर अक्षांश १७.७ आणि पूर्व रेखांश ७५.९ च्या आसपास आहे. डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. सोलापुरातून तो आग्नेय दिशेला, क्षितिजापासून सुमारे ६१ अंश उंच दिसतो. ८३ अंशांवरील उपग्रह तर ६८ अंशांच्या जवळपास, म्हणजे बराच डोक्यावर असतो, आणि १०८ अंशांवरचा पूर्वेकडे झुकून ४८ अंशांपर्यंत खाली येतो. डिश समोरून पाहिली तर ती एवढी वर पाहते असे वाटत नाही, कारण घरगुती डिश ऑफसेट प्रकारची असते आणि तिचा कल दिसतो त्यापेक्षा सुमारे २५ अंशांनी तिची नजर वर असते. याचा व्यवहारातला अर्थ असा, की एक मीटर उंचीच्या कठड्यापासून डिश अर्धा-पाऊण मीटर, आणि पूर्वेकडील उपग्रहासाठी एक मीटर, आत ठेवली तर ती गच्चीच्या फरशीलगतही काम करते. टाकीवर चढवण्याचे कारणच उरत नाही. खाली असलेली डिश वादळी वाऱ्यात कमी हलते आणि ती साफ करायला शिडी लागत नाही. घरातील सर्वांत उंच धातू होण्याचा मानही तिच्याकडे जात नाही.

याहून चांगली जागा आग्नेयेकडील किंवा पूर्वेकडील बाहेरची भिंत. अँटेनाच्या सुरक्षिततेविषयीच्या आयईसी ६०७२८-११ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार, छताच्या कडेपासून दोन मीटरहून अधिक खाली आणि भिंतीपासून दीड मीटरच्या आत असलेल्या अँटेनाच्या खांबाला स्वतंत्र अर्थिंगची सक्ती नाही, कारण तेथे थेट वीज पडण्याची शक्यता फारच कमी असते. केबलच्या जाळीला अर्थिंग तेथेही द्यावे. वरच्या मजल्याची लांब बाल्कनी डोक्यावर नसेल, तर दुमजली घरात ही जागा पहिली पाहावी.

जागा कोणतीही निवडली तरी एक नियम मोडू नये: खांब कोणत्याही बाजूला पडला, तरी तो किंवा डिश वीजवाहिनीला लागता कामा नये. गावठाणातील अरुंद गल्ल्यांत गच्चीच्या कठड्याला लागूनच तारा गेलेल्या असतात. तेथे त्या बाजूला डिश बसवूच नये आणि केबल गल्ली ओलांडून समोरच्या घरात नेऊ नये.

खांबापासून जमिनीपर्यंतची तार

वर उल्लेखलेले मानक खांबासाठी किमान १६ चौरस मिलिमीटर तांब्याची, २५ चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमची किंवा ५० चौरस मिलिमीटर पोलादाची तार सांगते. आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी आठ नंबरची जीआय तार जेमतेम १३ चौरस मिलिमीटर भरते, म्हणजे हव्या त्या जाडीच्या चौथ्या हिश्श्याएवढी. तिच्याऐवजी २५ बाय ३ मिलिमीटरची जीआय पट्टी घ्यावी. ती ७५ चौरस मिलिमीटर होते आणि तांब्यापेक्षा बरीच स्वस्त पडते. शिवाय तांब्याच्या तारेची चोरी हा प्रश्नही उरत नाही.

पट्टी बाहेरच्या भिंतीवरून सरळ खाली आणावी. तिला काटकोनी वळणे देऊ नयेत, उरलेली तार वेटोळे करून टांगू नये, आणि ती लोखंडी पाइपातूनही नेऊ नये. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. सरळ तारेच्या प्रत्येक मीटरला साधारण एक मायक्रोहेन्री इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातील बदलाला होणारा विरोध, असतो. विजेचा प्रवाह एका मायक्रोसेकंदात १० हजार अँपिअरने वाढला, तर तारेच्या एकेका मीटरवर १० हजार व्होल्ट उभे राहतात. तारेचा रोध कितीही कमी असला तरी यातून सुटका नाही. लांबी कमी ठेवणे आणि वळणे टाळणे एवढेच आपल्या हाती आहे. दहा मीटर दूरच्या उत्तम खड्ड्यापर्यंत वळणावळणाने नेलेल्या तारेपेक्षा तीन मीटरवरच्या मध्यम खड्ड्यापर्यंत सरळ आलेली पट्टी अधिक उपयोगी पडते ती यामुळे.

खांबाला पट्टी जोडताना रंग खरवडून उघड्या धातूवर नट-बोल्ट आणि दातेरी वॉशरने घट्ट आवळावी, आणि वर पुन्हा झिंकचा रंग द्यावा. तांबे आणि जीआय यांचा थेट सांधा उघड्यावर ठेवू नये. ओल लागताच जस्त खाल्ले जाते. कल्हई केलेला लग (तारेच्या टोकाला बसणारा जोडतुकडा) मध्ये घालावा.

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. डिशसाठी नवा रॉड ठोकला असेल, तर तो घराच्या मुख्य अर्थिंगला जमिनीलगत १६ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेने किंवा तशाच पट्टीने जोडलाच पाहिजे. 'डिशची वीज घरात येऊ नये म्हणून तिचे अर्थिंग वेगळे ठेवले' असे सांगणारे जाणते लोकही भेटतात, आणि त्यांचा हेतू चांगला असतो. तथापि दोन सुटे खड्डे म्हणजे दोन वेगळ्या पातळ्या. जवळ वीज पडली की त्यांच्यात हजारो व्होल्टचा फरक पडतो, आणि त्यांना जोडणारा एकमेव रस्ता तुमच्या बॉक्समधून जातो. घराचे अर्थिंग एकच असावे, खड्डे हवे तितके असावेत. सोलर पॅनेल किंवा वीजरोधक बसवला असेल तर त्याचा खड्डाही याच जाळ्यात यावा.

कशाला जोडू नये हेही सांगितले पाहिजे. न्यूट्रलला कधीही नाही. गॅसच्या पाइपलाइनला नाही. नळाच्या पाइपलाही नाही, कारण वर दिसणारा जीआय पाइप जमिनीखाली कोठे प्लास्टिकचा झाला आहे हे कोणालाच ठाऊक नसते.

केबल

एलएनबी, म्हणजे डिशसमोर दांड्यावर बसवलेला ग्राहक, हा आकाशातून आलेल्या १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झच्या लहरी खाली उतरवून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये केबलवर सोडतो. त्याच केबलवरून उलट दिशेने बॉक्स त्याला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो, आणि त्या दाबावरूनच उभ्या की आडव्या ध्रुवीकरणाच्या (लहरींच्या कंपनाची दिशा) लहरी घ्यायच्या हे ठरते. एकाच केबलवर सिग्नल आणि वीज दोन्ही चालतात हे लक्षात ठेवले, की बिघाड ओळखणे सोपे जाते. सांधा गंजला आणि १८ व्होल्टचे एलएनबीपर्यंत जाताना १४ झाले, तर निम्मे चॅनेल दिसतात आणि निम्मे गायब होतात. अशा वेळी लोक डिश हलवत बसतात, आणि जे ठीक होते तेही बिघडवतात.

केबल ७५ ओहमची आरजी-६ घ्यावी. जुन्या केबलवाल्याची बारीक आरजी-५९ घरात पडून असली तरी वापरू नये, या फ्रीक्वेन्सीवर तिच्यातील घट बरीच जास्त असते. चांगल्या आरजी-६ मध्ये २० मीटरला २१५० मेगाहर्ट्झवर साधारण ६ डेसिबल घट होते आणि ती बॉक्सला सहज पेलते. ३० मीटरपर्यंत काळजीचे कारण नाही. विकत घेताना टोक सोलून जाळी पाहावी. चार केसांएवढ्या तारा आणि पातळ पन्नी असलेली केबल स्वस्त असते, पण अर्थिंगच्या दृष्टीने जाळी हीच खरी वाहक आहे, तीच विरळ असेल तर पुढचे सगळे काम वाया जाते. बाहेरचे आवरण काळे आणि उन्हाला टिकणारे असावे. सोलापूरचा उन्हाळा पांढऱ्या पीव्हीसीला दोन-तीन वर्षांत तडे पाडतो, त्या तड्यांतून पाणी जाळीत शिरते आणि केशिकांसारखे मीटरभर आत पसरते.

केबल खांबाच्या पट्टीजवळून खाली आणावी, भिंतीवर क्लिपांनी बसवावी, खिळे वाकवून दाबू नये. वळण सात सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा लहान करू नये. विजेच्या वायरिंगच्या पाइपात ती कधीही घालू नये. समांतर जायचेच असेल तर एक फूट अंतर ठेवावे आणि ओलांडायचे असेल तर काटकोनात ओलांडावे. घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते. भिंतीचे छिद्र बाहेरच्या बाजूला किंचित उतरते पाडावे.

एफ कनेक्टर

निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ येथे, केबलच्या टोकाला बसणाऱ्या या पेचाच्या सांध्यात असते, असे माझे स्पष्ट मत आहे. हाताने पिळून बसवायचा कनेक्टर काही मिनिटांत लागतो आणि उन्हात आकसून-प्रसरण पावून सैल होतो. कॉम्प्रेशन प्रकारचा कनेक्टर आणि त्याचे हत्यार महाग वाटले, तरी उघड्यावरच्या सांध्यांसाठी तोच आग्रहाने मागावा. केबल सोलताना बाहेरचे आवरण साधारण १३ मिलिमीटर काढावे, त्यातील पुढच्या साडेसहा मिलिमीटरवरचे पांढरे इन्सुलेशनही काढावे आणि जाळी मागे दुमडावी. जाळीचा एकही केस मधल्या तारेला लागता कामा नये. लागला तर बॉक्सवर एलएनबीत शॉर्ट असल्याचा संदेश येतो. मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर दिसावी.

बाहेरच्या प्रत्येक सांध्यावर स्वतःला चिकटणारी रबर टेप ताणून गुंडाळावी. साधी काळी इन्सुलेशन टेप पहिल्याच उन्हाळ्यात गोंद सोडते. आंबट वास येणारे सिलिकॉन सांध्यात भरू नये, त्यातील आम्ल तांबे खाते.

ग्राउंडिंग ब्लॉक

केबल घरात शिरते त्या जागी, बाहेरच्या बाजूला, ग्राउंडिंग ब्लॉक बसवावा. हा धातूचा छोटा ठोकळा असतो: दोन्ही बाजूंना एफ सांधे आणि खाली तार आवळायचा स्क्रू. गच्चीवरून आलेली केबल एका बाजूला लावायची, घरात जाणारी दुसऱ्या बाजूला, आणि स्क्रूपासून किमान ४ चौरस मिलिमीटरची हिरवी तांब्याची तार जवळच्या अर्थिंग पट्टीला न्यायची. ही तार हातभर लांबीची असावी. शक्य असेल तर केबलचा प्रवेश मीटरबोर्डाच्या आणि खड्ड्याच्या बाजूनेच करावा, म्हणजे वीज आणि केबल एकाच दाराने घरात येतात आणि दोघांचे अर्थिंग एकाच जागी भेटते. नवीन बांधकाम असेल तर गिलाव्याआधी हा पाइप टाकून घेणे अगदी सोपे आहे. नंतर भिंत फोडायला कोणी तयार होत नाही.

ब्लॉकमुळे केबलची जाळी जमिनीशी जोडली जाते, मधली तार नाही. तिच्यासाठी गॅस ट्यूबचा सर्ज अरेस्टर, म्हणजे अचानक वाढलेला दाब जमिनीकडे वळवणारा तुकडा, मिळतो. तो घेताना दोन गोष्टी पाहाव्यात: तो २१५० मेगाहर्ट्झपर्यंत चालणारा असावा आणि त्यातून डीसी दाब पार व्हावा, नाहीतर एलएनबीला वीजच मिळणार नाही. विजेच्या बाजूला मुख्य बोर्डात टाइप-२ एसपीडी (वीजवाहिनीसाठीचे असेच संरक्षक उपकरण) बसवल्याशिवाय मात्र या अरेस्टरचा उपयोग अर्धाच राहतो.

चाळ, पत्र्याचे घर आणि फ्लॅट

एका डिशवर दोन घरे चालवण्याची पद्धत शेजारधर्माला धरून असली, तरी मीटर वेगळे असतील तर ती टाळावी. एका घरातील फेजची गळती केबलच्या जाळीतून दुसऱ्या घरातील टीव्हीच्या अंगावर येऊ शकते, आणि दुसऱ्या घरात कितीही शोधले तरी दोष सापडत नाही. पत्र्याच्या घरात किंवा लूमच्या शेडमध्ये खांब पत्र्याला न टेकवता लोखंडी कैचीला किंवा भिंतीला बांधावा आणि पत्रा, कैची, खांब हे सर्व एकत्र जोडून जमिनीला द्यावे. माळवदाच्या जुन्या घरात मातीच्या छतात खांब रोवू नये. मुळाशी पाणी मुरते आणि वाऱ्याने खांब हलला की छत उखडते. तेथे बाहेरची दगडी भिंतच धरावी. फ्लॅटमध्ये गच्ची सामाईक असल्याने इमारतीच्या अर्थिंग पट्टीला जोडायची परवानगी सोसायटीकडून घ्यावी. प्रत्येकाने आपापली तार खिडकीतून खाली सोडणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

शेवटची तपासणी आणि पुढची देखभाल

सर्व जोडून झाल्यावर, बॉक्सचा प्लग काढून, मल्टिमीटरने खांब ते घराचे अर्थिंग आणि केबलची जाळी ते घराचे अर्थिंग असा रोध पाहावा. दोन्ही ठिकाणी एक ओहमच्या आत आकडा यावा. येथे आपण जमिनीचा रोध मोजत नसून फक्त सांधे तपासत आहोत, म्हणून हा आकडा सहज येतो. न आल्यास कोठेतरी रंगावरच नट आवळला गेला आहे. त्यानंतर बॉक्सच्या मेनूतील सिग्नलची ताकद आणि गुणवत्ता लिहून मीटरबोर्डाच्या दाराच्या आत चिकटवून ठेवावी. पुढे चित्र अडखळू लागले तर दोष हवामानाचा आहे की सांध्याचा, हे त्या आकड्याशी ताडून कळते.

वर्षातून एकदा, वळवाच्या आधी, खांबाचा बोल्ट, ब्लॉकचा स्क्रू आणि खड्ड्यातला सांधा आवळून घ्यावा. गडगडाटाचा अंदाज असेल तेव्हा बॉक्सचा विजेचा प्लग आणि केबल दोन्ही काढावीत. एकच काढल्याने दुसरा रस्ता उघडा राहतो. हे काम ढग दूर असतानाच करावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या 'दामिनी' या ॲपवर आसपास पडणाऱ्या विजांची सूचना मिळते, ते फोनमध्ये असू द्यावे. कडकडाट सुरू झाल्यावर केबलला हात लावू नये, आणि चित्र गेले म्हणून गच्चीवर तर मुळीच जाऊ नये. पाऊस आणि कडकडाट दोन्ही थांबून अर्धा तास उलटल्यावरच वर जावे, आणि डिशला हात लावण्याआधी एलएनबीवरचा सांधा कोरडा आहे का ते पाहावे.